नानांची बॅग आणि एक नारळ
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "दहा-पंधरा मिनिटं बोल. विषय तू ठरव, फक्त कॉम्प्युटरवर नको." गेल्या मेळाव्यात मी क्लाउडवर बोलले होते तेव्हा मागच्या तीन रांगा चहाला गेल्या होत्या, हे त्यांच्या लक्षात असावं. म्हणून आज प्रवासावर बोलते.

गेल्या डिसेंबरात मी, नवरा, दोन मुलं आणि माझे वडील असे आम्ही पाच जण ट्रिनिदाद आणि टोबॅगोला गेलो. भूगोलाच्या बाई समोरच बसल्यात म्हणून आधीच सांगते, वेस्ट इंडिज हा देश नाही. बाईंनी ते सातवीत आमच्याकडून पाच वेळा लिहून घेतलं होतं. तो बेटांचा समूह आहे, त्यात बरेच देश आहेत, क्रिकेटपुरते ते एक होतात. ट्रिनिदाद त्यांतलं अगदी दक्षिणेकडचं, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम अकरा किलोमीटरवर.

आमच्या नानांना तुमच्यापैकी पुष्कळजण ओळखतात. शाळेच्या मैदानावर मॅच असली की बाभळीखाली सायकल लावून उभे राहायचे आणि अंपायरशी वाद घालायचे ते. पी.टी.चे सर हसतायत, म्हणजे आठवतंय. आई गेल्यानंतर दीडेक वर्षानं ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आले. आले, पण बसूनच राहिले. सकाळी खिडकीजवळ, दुपारी टीव्हीसमोर. टीव्ही बंद असला तरी समोरच. मुलांना नाताळच्या सुट्टीत समुद्र हवा होता. कुठल्या बेटावर जायचं यावर घरात आठवडाभर चर्चा चालली होती आणि नाना त्यात नव्हते. एका रात्री जेवताना एकदम म्हणाले, "पोर्ट ऑफ स्पेन जवळ आहे का गं त्याच्या?"

ठरलं मग तेच.

ज्यांना क्रिकेटचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७१च्या मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर आपण वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. कप्तान अजित वाडेकर. दिलीप सरदेसाईंचं शतक. आणि सुनील गावसकर नावाच्या मुलाची ती पहिली कसोटी. नाना तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे. त्या दौऱ्याची सगळी कात्रणं त्यांनी दोनशे पानी वहीत खळ लावून चिकटवली आहेत. आमच्या घरात दोनच गोष्टींना हात लावायची बंदी होती, देव आणि ती वही.

बेत असा होता की शुक्रवारी संध्याकाळी पोहोचायचं, शनिवार-रविवार ट्रिनिदादमध्ये, त्यात ओव्हल, आणि सोमवारी सकाळी टोबॅगोला, मुलांच्या समुद्राकडे. पहिलंच विमान तीन तास उशिरा सुटलं आणि मायामीला पोहोचलो तेव्हा पुढचं निघून गेलं होतं. रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढली. शनिवार तिथेच गेला, कारण जागा मिळाली ती संध्याकाळच्या विमानात.

त्या विमानात चढताना खरा घोटाळा झाला. वरचे कप्पे भरले म्हणून दारातला कर्मचारी चाकांच्या बॅगा काढून घेत होता. मी मुलांना घेऊन पुढे गेले होते. त्यानं नानांना भरभर काहीतरी विचारलं. नानांनी त्यांच्या सवयीनं मान हलवली, ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून हे मलाही पंचेचाळीस वर्षांत नीट कळलेलं नाही, आणि त्यानं बॅगेला चिठ्ठी बांधून ती खाली पाठवली. नानांची ती एकुलती एक बॅग. तिच्यात कपडे, गोळ्या आणि वही.

मी विचारलं, "नाना, गोळ्या खिशात घेतल्यात ना?"

"मला कुणी विचारलं का?"

रात्री नऊच्या सुमाराला पियार्कोच्या विमानतळावर उतरलो. विमानाच्या दारातच तो वास आला. पाऊस पडून गेलेला, ओलं गवत, कुठेतरी काहीतरी जळतंय. नवरा म्हणाला, "चिपळूण स्टँड." मुलांना चिपळूण माहीत नाही, ती नुसतीच घामाघूम झाली.

पासपोर्ट तपासणाऱ्या बाईचा चेहरा थेट आपल्याकडचा. कपाळ, नाक, केसांचा भांग, आपल्या बँकेच्या काउंटरवर बसवली तर कुणी दोनदा बघणार नाही. नाना खूश झाले आणि त्यांनी सरळ हिंदीत सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं आणि गाण्याच्या चालीवर बोलल्यासारख्या इंग्रजीत म्हणाली, मला हिंदी येत नाही, आजोबा. आम्हाला येऊन फार वर्षं झाली.

फार म्हणजे किती, तर फतेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून निघून ३० मे १८४५ला तिथे लागलं. त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती, उसाच्या मळ्यांवर कराराने राबायला आणलेली. गुलामगिरी संपली होती आणि मळेवाल्यांना हात हवे होते. १९१७पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसं अशी गेली, बहुतेक आजच्या बिहार-उत्तर प्रदेशातली, थोडी मद्रासकडची. आज त्या देशात एक तृतीयांशाहून जास्त लोक त्यांचे वंशज आहेत. ३० मेला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या क्षणी आम्ही फक्त एवढंच पाहिलं की नाना गप्प झाले आणि पुढे सरकले.

मग सामानाचा पट्टा. नाताळसाठी घरी आलेल्या लोकांची खोकी, गुंडाळलेले टीव्ही, एक अख्खी लहान मुलाची सायकल. सगळं फिरून फिरून गेलं. शेवटी पट्टा थांबला आणि आम्ही पाच जण तसेच उभे.

आता दोन मिनिटं माझ्या धंद्यातलं बोलते, चहाला जाऊ नका. काउंटरवरच्या मुलानं स्क्रीनकडे बघून सांगितलं, "बॅग मायामीत आहे." मी असल्याच यंत्रणा लिहिते, त्यामुळे मला माहीत होतं की या वाक्याचा अर्थ तसा नसतो. बॅग कुठे आहे हे कॉम्प्युटरला कधीच माहीत नसतं, तिच्या चिठ्ठीवरचा पट्ट्यापट्ट्यांचा कोड शेवटी कुठे वाचला गेला एवढंच माहीत असतं. २०१८पासून विमान कंपन्यांनी चार जागी ही नोंद ठेवावी असा त्यांच्या संघटनेचा नियम आहे: बॅग ताब्यात घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्याकडे देताना आणि प्रवाशाला परत करताना. आमची बॅग दारात घेतल्याची नोंद होती, चढवल्याची नव्हती. म्हणजे ती मायामीत असेल, किंवा आमच्याच विमानाच्या पोटात असेल आणि कुणी कोड वाचला नसेल, किंवा तिसऱ्याच देशात. तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, एवढं मात्र मी तुम्हाला नक्की सांगते. एकवीस दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरतात. नाना म्हणाले, "एकवीस दिवसांत माझं काय धरतात?"

त्यांनी हे विनोदानं म्हटलं असेल, पण मला हसू आलं नाही. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांचा शेवटचा डोस त्याच सकाळी मायामीत झाला होता. पुढचा दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि दुसरा दिवस रविवार.

आमची खोली होती सेंट ऑगस्टीनला, विमानतळापासून जवळच, एका बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर. त्यांचा भाचा गाडी घेऊन बाहेर थांबला होता. गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडी रस्त्याच्या डावीकडून, आपल्यासारखीच. माझी मुलं अमेरिकेत वाढलेली, ती पहिल्या वळणाला चक्क ओरडली. नाना शांतपणे म्हणाले, "आत्ता कुठे बरोबर चाललीय."

घरी पोहोचल्यावर मी नानांना गोळ्यांची नावं विचारली. ते म्हणाले, "एक गुलाबी आणि एक लांबट." मी आपल्या गावात दादाला फोन लावला. तिथे रात्रीचे अकरा, म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ, साडेआठ. दादा तसाच कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेला. त्या दुकानदारांचे फार उपकार आहेत. त्यांनी नुसतं ब्रँडचं नाव न सांगता पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून मूळ औषधांची नावं आणि मिलिग्रॅम कागदावर लिहून दिले: टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन. आपल्या ब्रँडची नावं बाहेर कुणाला ठाऊक नसतात, हीच नावं जगभर चालतात. तुमच्याही आई-वडिलांच्या गोळ्यांची ही नावं फोनमध्ये लिहून ठेवा. हा माझ्या भाषणातला एकमेव उपदेश.

सकाळी भाचा आम्हाला रविवारी उघडं असलेल्या औषधाच्या दुकानात घेऊन गेला. तिथल्या बाईंनी कागद पाहिला, औषधं आहेत म्हणाल्या, पण इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. मग डॉक्टर शोधले. एका खाजगी दवाखान्यात तासभर बसलो. रक्तदाब १६८ वर ९६ निघाला. डॉक्टरांनी आमच्याकडे बघून विचारलं, काल झोपले होते का? कुणीच झोपलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी दिली, दोन तासांनी पुन्हा मोजू म्हणाले आणि दुपारपर्यंत आराम सांगितला. भारतात नानांची रक्तदाबाची दोन्ही औषधं एकाच गोळीत येतात, तिथे दोन वेगळ्या मिळाल्या. नानांना ते पटेना. "माझी गुलाबी होती," एवढंच ते सारखं म्हणत होते.

दवाखान्यातून परतताना उजेडात पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. पोस्टकार्डावरच्या कॅरिबियनची तिथे काही खूण नव्हती. वाहनांची रांग, हार्डवेअरची दुकानं, कुंपणाला जास्वंद, आंब्याची झाडं. आणि बऱ्याच घरांच्या अंगणात, कोपऱ्यात उंच बांबूंवर लाल, पिवळ्या, पांढऱ्या तिकोनी पताका. मुलीनं विचारलं, ही कुठल्या टीमची घरं? भाचा म्हणाला, झंडी. घरात पूजा झाली की देवाच्या नावानं लावतात, लाल हनुमानाची. नानांनी गाडीची काच खाली केली ती घर येईपर्यंत वर केलीच नाही.

घरी घरमालकीणबाईंनी जेवायला थांबवून घेतलं. तव्यावरची जाड रोटी, तिला त्या सादा म्हणत होत्या, आणि 'बैगन चोका'. नानांनी एक घास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भरीत आहे हे." वांगं भाजून, लसूण, तिखट, वरून कढवलेलं तेल. भरीतच की. मग 'दालपुरी' आली. वाटलेली डाळ आणि जिरं भरून लाटलेली, मऊसूत. नाना म्हणाले, "पुरणपोळी. गूळ घालायला विसरल्या." मी त्याचं भाषांतर करून सांगितलं तेव्हा बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं.

त्या जेवणात एक गंमत झाली. मी सारखी "नाना, पाणी घ्या, नाना, हळू," असं म्हणत होते. बाई माझ्या मुलांना म्हणाल्या, तुमची आई बरोबर शिकवते, आईचे वडील म्हणजे नाना. आमच्याकडेही आईचे आईवडील नाना-नानी, आणि वडिलांचे आजा-आजी. मी समजावू लागले की आमच्याकडे दोन्हीकडचे आजोबाच, नाना हे यांचं घरातलं नाव आहे, गावात सगळेच त्यांना नाना म्हणतात. पण त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या लेखी हिशोब बरोबर जुळत होता. त्याही मग त्यांना नानाच म्हणायला लागल्या.

बाईंना भोजपुरी येत नव्हती. त्यांच्या आजीला यायची. त्यांच्याकडे उरले होते ते स्वयंपाकघरातले शब्द, नात्यांचे शब्द आणि पूजेतले शब्द. तवा, बेलना, भाजी, आजी, झंडी. क्रियापदं सगळी गेली. माझ्या मुलांच्या मराठीची यादी मी मनात केली: भात, चमचा, आजोबा, बाप्पा, नको. 'नको' आहे, म्हणजे आमचं एक क्रियापद अजून शाबूत आहे. मराठीच्या बाई म्हणतील, ते पूर्ण नाही. मान्य.

जेवण झालं, दुसऱ्यांदा रक्तदाब मोजून झाला, खाली आला होता. डॉक्टर म्हणाले, जा, पण उन्हात फिरू नका. आणि नाना म्हणाले, "मी येत नाही."

कारण होतं कपड्यांचं. ते माझ्या नवऱ्याच्या बर्म्युडात होते. शुक्रवारपासून अंगावर असलेली पँट धुतली होती ती दमट हवेत वाळलीच नव्हती. "गावसकरच्या मैदानावर अर्ध्या चड्डीत जाऊ?" आम्ही चौघांनी समजावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. बाईंना भाषा कळली नसेल, पण बाकी सगळं कळलं. त्या आत गेल्या आणि एक राखाडी पँट घेऊन आल्या. इस्त्री केलेली, कडक घडीची. त्यांच्या नवऱ्याची होती. ते जाऊन चार वर्षं झाली होती, असं भाच्यानं नंतर गाडीत सांगितलं. नानांनी दोन्ही हातांनी पँट घेतली. कमरेला सैल झाली, पट्टा आवळून बसवली.

ओव्हलचं फाटक बंद होतं. पहारेकरी विशीतला पोरगा. आज मॅच नाही, आत काही नाही, म्हणाला. नवरा म्हणाला, आम्हाला तेच बघायचंय. गावसकर हे नाव त्याला माहीत नव्हतं. लारा माहीत होता, आयपीएलचे सगळे संघ पाठ होते. नानांचा चेहरा पडला. तरी त्या पोरानं पाच मिनिटं सोडलं आत, कुंपणापर्यंत.

उत्तरेला हिरवे डोंगर अगदी मैदानावर वाकल्यासारखे दिसतात. खेळपट्टी झाकलेली होती. कडेला एक माणूस पाइप गुंडाळत होता. नाना कठडा धरून उभे राहिले. मला वाटलं आता ते खूप बोलतील. थोड्या वेळानं म्हणाले, "लहान आहे गं. कात्रणात मोठं वाटायचं." आणि मग, "तुझ्या आईला ही वही मी लग्नाआधी दाखवली होती. तिनं विचारलं होतं, इथं कधी जाणार? मी म्हटलं होतं, वेडी आहेस का." आई गेल्यानंतर तिच्याबद्दल ते आपणहून बोलले ते मी पहिल्यांदा ऐकलं.

परतताना भाच्यानं सवाना मैदानाच्या कडेला गाडी थांबवली. तिथे शहाळीवाले असतात, लांब सुऱ्यानं एका घावात शेंडा उडवतात. त्यातला एक म्हातारा, नानांच्याच वयाचा. नाना कुठून आले आणि कशासाठी, हे भाच्यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं सुरा खाली ठेवला. १९७१ म्हणताच "सरदी-मॅन!" म्हणाला. सरदेसाईंचं तिथल्या लोकांनी केलेलं नाव. तो तेव्हा पोरगा होता, बाहेरच्या झाडावर चढून मॅच पाहिलेली. गावसकरांवर तर त्या दौऱ्यानंतर तिथे कॅलिप्सो गाणंच झालं, लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाचं. म्हातारा ते म्हणायला लागला, माझ्या लेकानं फोनवर रेकॉर्ड केलंय.

इथवर छान चाललं होतं. मग तो म्हणाला, त्या मॅचमध्ये गावसकरनं आम्हाला सेंच्युरी मारली. नाना म्हणाले, नाही. पासष्ट आणि नाबाद सदुसष्ट. तुम्ही म्हणताय ती पाचवी कसोटी, तीही इथलीच, एकशे चोवीस आणि दोनशे वीस. म्हातारा म्हणाला, मी झाडावर होतो, तुम्ही कुठे होता? नाना म्हणाले, माझ्याकडे वही आहे. तो म्हणाला, दाखवा.

वही कुठे होती ते तुम्हाला ठाऊकच आहे.

अर्धा तास ते दोघे भांडले, एक मराठी वळणाच्या इंग्रजीत आणि एक त्या गाण्याच्या चालीच्या. बाभळीखालचे नाना मी किती तरी दिवसांनी पाहिले. फोनवर बघून सांगते म्हटलं तर दोघांनीही मला गप्प केलं. शेवटी एका नारळाची पैज लागली.

टोबॅगोबद्दल फार सांगत नाही. तुमच्यापैकी ज्यांना समुद्रच बघायचाय त्यांनी सरळ तिथेच जावं. विमानानं पंचवीस मिनिटं, विमानतळातून चालत स्टोअर बेच्या वाळूवर. किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात नायलॉन पूल नावाची जागा आहे, होडीतून उतरलं की पाणी कमरेएवढं आणि तळाची वाळू स्वच्छ दिसते. नाना तिथे बर्म्युडातच उतरले, तक्रार न करता. दुपारी वाळूत बसून मुलाला डाव्या हाताच्या फिरकीची पकड शिकवली. मुलांचा समुद्र झाला, माझी झोप झाली. बाई, पिच लेक मात्र राहिला. ट्रिनिदादच्या दक्षिणेला ला ब्रेआचं ते डांबराचं नैसर्गिक तळं, तुम्ही नकाशात भरायला लावलेलं. दिवस उरला नाही.

शनिवारी परतीच्या वाटेवर पियार्कोला आलो. रोज दोनदा फोन करूनही "मायामीत आहे" एवढंच उत्तर मिळत होतं. मी काउंटरवर न थांबता सामानाच्या खोलीतच बघू द्या म्हणून हटून बसले. बॅग तिथेच होती. कोपऱ्यात, दोन खोक्यांच्या मागे. चिठ्ठी फाटली होती, म्हणून कोड कुणी वाचला नव्हता. आमच्याच विमानातून, आमच्याच बरोबर उतरली होती ती, आणि आठ दिवस तिथे उभी होती.

नानांनी गोळ्यांकडे पाहिलंही नाही. वही काढली, थुंकी न लावता, कोरड्या बोटानं पानं उलटली आणि पान माझ्यासमोर धरलं. पासष्ट आणि नाबाद सदुसष्ट. मी फोटो काढून भाच्याला पाठवला. राखाडी पँट धुवून, हॉटेलातून इस्त्री करून आणलेली, ती भाच्याच्याच हाती पाठवली होती. नानांनी तिच्या खिशात बाईंसाठी एक चिठ्ठी ठेवली होती. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही.

विमानात बसायच्या आधी भाच्याचं उत्तर आलं. तो मुद्दाम सवानावर जाऊन आला होता. म्हाताऱ्यानं फोनमधलं कात्रण डोळ्यांजवळ धरून बघितलं, लिपी वाचता येईना, पण स्कोअरबोर्ड ओळखला. एक नारळ देणं लागतो म्हणाला, पण पोस्टानं पाठवणार नाही, येऊन घेऊन जा.

नाना म्हणाले, "त्याला कळव, शहाळं हवं. नारळ नको."

गाण्याचं रेकॉर्डिंग आणि फोटो माझ्या फोनमध्ये आहेत, जेवणाच्या वेळी दाखवते. नाना मागे तिसऱ्या रांगेत बसलेत. ज्यांना पाचव्या कसोटीबद्दल काही विचारायचं असेल त्यांनी आपापल्या जबाबदारीवर विचारावं.